मान

तळघरात भट्टी गुरगुरते. बाहेर सस्कॅचवान, उणे एकतीस.
ओनुफ्री, तुझं बाक मी अजून आवरलेलं नाही.
प्रेसचा दांडा तू सोडलास तसाच वर,
खिळ्याला वही, वहीत मार्चमधली शेवटची नोंद:
चार हजारांश. कधी पाच. हात.
एवढंच. हात.
पुढची पानं कोरी.

मी नेमबाज नाही.
बत्तीस वर्षं धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसले,
गव्हाचे ट्रक चढवले, उतरवले.
काटा कधी खोटं बोलतो आणि कधी माणूस,
तेवढं मला कळतं.
तरी घरात कळलं नाही.

पितळाची वाकलेली एकेक मान
तू स्वतःच्या खात्यावर मांडत गेलास.
चमचा ताटलीवर वाजला की जिन्याकडे बघायचास,
जणू खाली कुणी ऐकतंय.
हरणांचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी
रायफल पुतण्याला देऊन टाकलीस.
म्हणालास, आता माझ्या हातून सरळ काही व्हायचं नाही.
मी मान हलवली.
नाही म्हणायला हवं होतं.

आज दान्यो आला. डब्यात साठ रिकाम्या केस.
काकू, काकांच्याच साच्यात भरतो म्हणाला.
त्याचे हात चोवीस वर्षांचे, कुंपणाच्या खांबासारखे.
पहिल्या दहा झाल्या. मी डायल ओढली,
दोन आधारांवर केस टेकवून बोटाने फिरवली.
सुई हलली. चार.
दुसरी. चार.
तिसरी. पाच.
हिला केस म्हणतात आणि चूक केसाहून जाड,
पण डोळ्याला दिसेल तर शपथ.

दान्यो आपले हात बघू लागला.
मी म्हटलं, थांब.

वजनात घट आली की आम्ही दारापासून सुरुवात करायचो.
आधी रायफलीतून निघालेलं काजळलेलं पितळ मोजलं:
अर्धा. म्हणजे बंदूक नाकासमोर चालणारी.
मग साच्यातली सळई काढून ठेवली, नुसता साचा:
एक.
मग सळई परत बसवली, टोकाला तो गोल मणी.
दांडा उचलला, केस खाली उतरली,
आणि मणी कोरड्या मानेतून सुटताना किंचाळला.
चार.
आम्ही दोघं गप्प.

सळई खिडकीच्या जुन्या काचेवर ठेवून ढकलली.
ती लंगडत गेली.
लंगडत, ओनुफ्री. काठापर्यंत.

नंतरचं सोपं होतं, आणि तुझ्याच वहीत होतं,
पान अकरा, निळी शाई, तू अजून तिशीत:
मान आतून कोरडी ठेवू नये.
दान्योने नवी सळई घातली, तुझ्याच खोक्यातली,
पुडीसुद्धा फोडलेली नव्हती.
मणी बारीक कागदाने घासून आरसा केला.
नटाखाली रबराची चकती, सळईला जरा हलायला,
तिचं मधलं स्थान तिचं तिलाच सापडावं म्हणून.
मी ब्रशने प्रत्येक मानेत ग्रॅफाइट फिरवलं,
नखं काळी झाली, तुझी असायची तशी.
गोळी अर्धी बसवायची, केस अर्धी वळवायची, मग पुरी.
एक. एक. पाऊण. एक.
एकदा दोन, ती त्याने बाजूला ठेवली.

दान्यो वर गेला, ट्रक गरम करायला.
उद्या तो शंभर मीटरवर मारून बघणार आहे.
मला त्या कागदाची घाई नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तुझा हात घट्ट दाबून धरायचे,
थांबावा म्हणून.
नुसता धरायचा होता.

वहीतला तो शब्द खोडला नाही. तुझं अक्षर आहे.
खाली आजची तारीख घातली,
आणि लिहिलं: सळई.